वेष आणि वस्त्र : अमेरिकन मुलांच्या नाविक पोशाखाची कथा

अमेरिकेतील लहान मुलांनी गेल्या दीडशे वर्षांत खलाशांच्या धर्तीचे कपडे कसकसे घातले आणि कसकसे टाकले, हा विषय साहित्यसभेच्या पत्रिकेत यावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु इतिहास म्हणजे तह, लढाया आणि राजांच्या वंशावळी एवढेच, ही समजूत आता बरीच मागे पडली आहे. घरातील भांडी, शेतातील अवजारे आणि अंगावरचे कपडे यांतूनही समाज बोलत असतो. त्यांतही मुलांचे कपडे विशेष बोलके असतात. मोठा मनुष्य आपले कपडे आपण निवडतो. मुलाचे कपडे त्याच्यासाठी दुसरे कोणीतरी निवडते. म्हणून मुलाच्या अंगावर जे दिसते ते पुष्कळदा मुलाचे मन नसून वडीलधाऱ्यांचे मन असते. आमच्यासारख्या शाळामास्तरांचा तर या प्रश्नाशी रोजचाच संबंध आहे. सकाळी प्रार्थनेच्या वेळी रांगेवरून आमची नजर फिरते ती आधी कपड्यांवरून, आणि मग चेहऱ्यांवरून. हा क्रम योग्य आहे काय, ही शंका आमच्या मनात आली, आणि त्या शंकेपोटीच प्रस्तुत विषयाचे वाचन घडले.

विवेचनाच्या सोयीसाठी आम्ही आरंभीच एक भेद करू इच्छितो. आपल्या भाषेत 'वेष' आणि 'वस्त्र' असे दोन शब्द आहेत. वस्त्र हे घालणाऱ्याच्या सोयीचे असते; ते ऊन, वारा, थंडी यांपासून त्याला राखते आणि त्याच्या हालचालीस मोकळीक देते. वेष हा पाहणाऱ्यासाठी असतो. नाटकातील राजाचा वेष असतो, वस्त्र नसते. अमेरिकन मुलांच्या नाविक पोशाखाचा इतिहास हा वेष आणि वस्त्र यांच्यातील ओढाताणीचा इतिहास आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम हा पोशाख कसा असतो ते सांगितले पाहिजे. डोक्यातून घालावयाचा सैल सदरा. त्याला पाठीवर चौकोनी पडणारी रुंद कॉलर, तिच्या कडेने पांढऱ्या फितीच्या रेघा. गळ्यात काळा रुमाल. आणि खाली घोट्याकडे रुंद होत जाणारी विजार, ही त्याची मुख्य अंगे होत. या प्रत्येक अंगाभोवती आख्यायिका जमल्या आहेत. कॉलरवरील तीन रेघा नेल्सनच्या तीन विजयांच्या, काळा रुमाल त्याच्या सुतकाचा, अमेरिकन विजारीची तेरा बटणे मूळच्या तेरा वसाहतींची, असे मोठ्या श्रद्धेने सांगितले जाते. यांतले काहीच खरे नाही. काळा रुमाल नेल्सनच्या मृत्यूपूर्वीपासून वापरात होता. बटणे तेरा झाली ती विजारीचा पुढचा पडदा मोठा केल्यावर दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून. त्यापूर्वी ती सात होती, आणि त्याही पूर्वी पंधरा. रुंद पायाची विजार डेक धुताना गुडघ्याच्या वर सहज गुंडाळता येई, हे कारण त्यामानाने पटण्यासारखे आहे. खलाशाचा पोशाख मुळात वस्त्र होता, आणि त्याला अर्थ मागाहून चिकटले, एवढे यावरून ध्यानात येते.

हे वस्त्र मुलांच्या अंगावर कसे आले? अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील सुखवस्तू घरांत मुलगा झग्यातून बाहेर पडला की त्याला बापाच्या कपड्यांचीच लहान आवृत्ती घालीत. बालपणाचा असा स्वतंत्र विचारच त्या काळी नव्हता, असा सिद्धांत फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने १९६० मध्ये मांडला. पुढे त्यावर पुष्कळ टीका झाली. परंतु पोशाखापुरते त्याचे निरीक्षण बरेचसे टिकून आहे. रूसोने १७६२ च्या 'एमील' ग्रंथात मुलांस घट्ट कपड्यांत आवळून ठेवण्याचा निषेध केला. पुढे १७८० च्या सुमारास मुलांसाठी आखूड जाकीट आणि त्याला बटणांनी जोडलेली लांब विजार निघाली. सभ्य गृहस्थ तेव्हा गुडघ्यापर्यंतची तंग तुमान घालीत असत. लांब विजार ही खलाशांची आणि मजुरांची. म्हणजे श्रीमंतांच्या मुलांस सोयीचे कपडे हवे झाले तेव्हा ते कष्टकऱ्यांकडूनच उसने घ्यावे लागले.

नाविक पोशाखाची खरी प्रसिद्धी मात्र एका राजपुत्रामुळे झाली. १८४६ च्या सप्टेंबर महिन्यात व्हिक्टोरिया राणी आपल्या राजनौकेतून सहल करीत असता तिचा थोरला मुलगा, पुढचा सातवा एडवर्ड, खलाशाच्या पांढऱ्या पोशाखात डेकवर आला. तो तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता. पोशाख शिवला होता तो नौकेवरील खलाशांचे कपडे शिवणाऱ्या माणसानेच. राणीस तो इतका आवडला की विंटरहाल्टर या दरबारी चित्रकाराकडून मुलाचे चित्र काढवून घेण्यात आले. तो इवलासा पोशाख ग्रिनिचच्या नाविक संग्रहालयात जपून ठेवलेला आहे. चित्रावरून छापील प्रती निघाल्या, आणि राजपुत्राचा पोशाख हळूहळू युरोपभर मुलांचा पोशाख झाला.

येथे एका विसंगतीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ब्रिटिश आरमारातील अधिकाऱ्यांस १७४८ पासून ठराविक गणवेष होता. परंतु साध्या खलाशांस तो मिळाला १८५७ मध्ये. म्हणजे खलाशाचा पोशाख राजपुत्रास मिळाला त्यानंतर तब्बल अकरा वर्षांनी तो अधिकृतपणे खलाशास मिळाला! आणि ज्या माणसाचे हे कपडे, त्याचे जिणे कसे होते? अमेरिकन आरमारात चाबकाने फोडून काढण्याची शिक्षा १८५० मध्ये बंद झाली. त्याच वर्षी हर्मन मेलव्हिलने 'व्हाइट जॅकेट' या पुस्तकात त्या शिक्षेचे अंगावर काटा आणणारे वर्णन केले. त्याआधी रिचर्ड हेन्री डाना हा हार्वर्डचा विद्यार्थी १८३४ मध्ये बोस्टनहून एका व्यापारी जहाजावर साधा खलाशी म्हणून गेला. आपल्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात तो कबूल करतो की, खलाशाचे कपडे घातल्याने आपण खलाशी दिसू लागलो ही आपली समजूत खोटी होती; जाणत्या नजरेस खरा खलाशी आणि वेष घेतलेला यांतील फरक तत्काळ कळतो. वेष आणि वस्त्र यांतील भेद त्या विद्यार्थ्याने बंदर सोडण्यापूर्वीच शिकून घेतला होता.

अमेरिकेत ही चाल रुजली ती यादवी युद्धानंतर, १८७० च्या पुढे. तिच्या प्रसारास राणीचे अनुकरण एवढे एकच कारण पुरेसे नाही. कारण अमेरिकेत राजपुत्रही नव्हते आणि राजनौकाही नव्हती. खरे कारण शिवणयंत्रात शोधले पाहिजे. योगायोग असा की, राजपुत्र डेकवर मिरवला त्याच महिन्यात, १८४६ च्या सप्टेंबरात, इलियस हाउ याला शिवणयंत्राचा अमेरिकन पेटंट हक्क मिळाला. १८६३ पासून एबनेझर बटरिक याने कपडे बेतण्याचे मापवार कागदी नमुने विक्रीस आणले. १८६७ मध्ये 'हार्पर्स बाझार' हे फॅशनविषयक साप्ताहिक सुरू झाले. १८७२ मध्ये माँटगोमेरी वॉर्ड या पेढीने टपालाने माल विकण्यास प्रारंभ केला. आणि १८९६ पासून टपाल खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांच्या दारी पोहोचू लागले. खलाशाचा सैल सदरा या साऱ्या व्यवस्थेस फार सोयीचा होता. त्याला अंगाबरोबर नेमके बेतावे लागत नसे, अस्तर नको, छातीवर बटणांची रांग नको. मूल दोन बोटे वाढले तरी सदरा तोच चाले. कापड सुती असेल तर तो घरच्या घरी उकळून धुता येई. समुद्रापासून दूर, ओहायो आणि कॅन्ससच्या मैदानांत राहणारी, ज्यांनी जन्मात जहाज पाहिले नाही अशी मुलेसुद्धा खलाशाच्या कपड्यांत वावरू लागली, त्याचे रहस्य या साधेपणात आहे.

रंगभूमीनेही हातभार लावला. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांची 'एच. एम. एस. पिनाफोर' ही युद्धनौकेवर घडणारी संगीतिका १८७८ च्या मे महिन्यात लंडनमध्ये रंगभूमीवर आली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बोस्टनमध्ये तिचा प्रयोग झाला. तेथून पुढे अमेरिकेत तिचे वेडच लागले. निरनिराळ्या मंडळ्यांनी तिचे प्रयोग केले, त्यांत केवळ मुलांनी केलेलेही होते. आपल्याकडे एखाद्या संगीत नाटकानंतर गावोगाव त्या धर्तीची पगडी किंवा पातळ दिसू लागे, त्यातलाच हा प्रकार म्हणावयाचा.

त्या काळच्या अमेरिकन मुलाच्या आयुष्यात या पोशाखाचे स्थान कोणते होते, हे समजण्यासाठी आणखी एक गोष्ट माहीत हवी. पाच-सहा वर्षांपर्यंतचे मुलगे तेव्हा सर्रास झगे घालीत. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे १८८४ मधील, वयाच्या अडीच वर्षांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे; त्यात हे भावी राष्ट्राध्यक्ष पांढरा झगा आणि लांब केस अशा थाटात बसलेले आहेत. मुलगा आणि मुलगी यांतील भेदापेक्षा बालक आणि प्रौढ यांतील भेद तेव्हाच्या पोशाखात अधिक महत्त्वाचा होता, असे जो पाओलेटी या अमेरिकन विदुषींनी 'पिंक अँड ब्लू' या २०१२ च्या ग्रंथात दाखविले आहे. झगा सुटल्यावर मुलाला प्रथम जे पुरुषी म्हणता येतील असे कपडे मिळत, त्यांत नाविक पोशाख प्रमुख असे. रूझवेल्ट यांच्याही अंगावर पुढे तो आला. आणि हाच मुलगा १९१३ ते १९२० या काळात आरमारखात्याचा सहसचिव झाला. पोशाखामुळे तो आरमाराकडे वळला असे कोणी म्हणणार नाही. परंतु समुद्राचे वेड त्याला लहानपणापासून होते, हे खरे.

याच सुमारास नाविक पोशाखास एक प्रतिस्पर्धी निर्माण झाला. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट या लेखिकेची 'लिटल लॉर्ड फाँटलरॉय' ही कादंबरी १८८५ मध्ये 'सेंट निकोलस' या मुलांच्या मासिकात येऊ लागली आणि १८८६ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. रेजिनाल्ड बर्च या चित्रकाराने तिच्या नायकास काळा मखमली पोशाख, लेसची मोठी कॉलर आणि खांद्यावर रुळणारी कुरळी झुलपे दिली. हजारो आयांना आपला मुलगा तसाच दिसावा असे वाटू लागले. मुलांना मात्र हा पोशाख अगदी नकोसा होता. मखमल मळली की बोलणी बसणार, लेस फाटली की मार बसणार. अशा कपड्यांत झाडावर चढावे कसे? निखळ वेषाचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. तो एका पिढीत मावळला. नाविक पोशाख त्याच्या आधीपासून होता आणि त्याच्या नंतरही पुष्कळ वर्षे राहिला.

तथापि नाविक पोशाखही निव्वळ वस्त्र राहिला, असे नाही. १८९० मध्ये आल्फ्रेड मेहन या आरमारी अधिकाऱ्याने सागरी सत्तेच्या प्रभावाविषयीचा आपला विख्यात ग्रंथ लिहिला. १ मे १८९८ रोजी अमेरिकन आरमाराने मनिलाच्या उपसागरात स्पॅनिश आरमाराचा धुव्वा उडविला. १९०७ च्या डिसेंबरात सोळा पांढऱ्या युद्धनौका पृथ्वीप्रदक्षिणेस निघाल्या आणि १९०९ च्या फेब्रुवारीत परतल्या. या वातावरणात मुलांच्या सदऱ्यावर नांगर आणि तारे उमटले, दंडावर गरुडाचे बिल्ले आले, टोप्यांच्या फितींवर युद्धनौकांची नावे झळकली, खिशात दोरीला बांधलेली शिट्टी आली. गुडघ्यापर्यंतच्या तुमानीबरोबरच, खऱ्या खलाशासारख्या लांब आणि रुंद पायाच्या विजारीचे पोशाखही खपू लागले. पूर्वी आई सोय पाहून सदरा घेई. आता राष्ट्राचा अभिमान त्यावर टाके घालू लागला. 'क्रॅकर जॅक' या खाऊच्या खोक्यावर पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जो छोटा खलाशी आपल्या कुत्र्यासह उभा राहिला, तो याच काळाचे अपत्य. पुढे खऱ्या आरमारातील खलाशी आपल्या गणवेषासच 'क्रॅकरजॅक' म्हणू लागले. मुलांनी खलाशाचे कपडे घेतले होते. खलाशांनी मुलाच्या खाऊचे नाव परत घेतले.

या अभिमानाची दुसरी बाजूही इतिहासाने नोंदली पाहिजे. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ पासून १९३२ पर्यंत, अमेरिकन आरमाराने कृष्णवर्णीयांची भरतीच बंद ठेवली होती. त्यानंतरही त्यांस केवळ अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात वाढप्याचे काम मिळे. इतर कामांसाठी भरती खुली झाली ती १९४२ च्या जून महिन्यात. म्हणजे दुकानाच्या काचेआड टांगलेला छोटा नाविक पोशाख कोणीही पैसे मोजून घेऊ शकत असे. पण तो घालणारे मूल कृष्णवर्णीय असेल तर मोठेपणी त्याच पोशाखावर त्याचा हक्क नव्हता. वेष विकत मिळतो. त्याच्या पाठीमागचा मान विकत मिळत नाही.

आता या कथेतील, आमच्या मते, सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळू. तो मुलींचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत अमेरिकन मुलीस वयात येताच कंबर आवळणाऱ्या, जागोजाग हुक आणि हाडांच्या पट्ट्या असलेल्या कपड्यांत शिरावे लागे. शतकाच्या अखेरीस पीटर टॉम्सन नावाच्या, पूर्वी आरमाराचे कपडे शिवणाऱ्या एका शिंप्याने, फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क येथील आपल्या दुकानांतून मुलींसाठी नाविक धर्तीचे पोशाख बेतले. चौकोनी कॉलर, रेशमी रुमाल आणि चुण्यांचा साधा घागरा, असे त्यांचे स्वरूप. शिंप्याचे नावच पोशाखास पडले. त्यातून पुढे निघाला 'मिडी' नावाचा सैल सदरा; हे नाव आरमारातील शिकाऊ अधिकाऱ्याच्या 'मिडशिपमन' या पदावरून आले. मिडी कमरेच्या खाली सरळ पडे, तिला आवळणारे काही नसे. खाली घागरा घातला की शाळेचा पोशाख झाला, सैल चोळणा घातला की व्यायामाचा. १९१० मध्ये स्थापन झालेल्या 'कँप फायर गर्ल्स' या संघटनेच्या मुली मिडी घालून डोंगर चढल्या, होड्या वल्हवू लागल्या. बाल्टिमोर शहरातील कारखाने 'पॉल जोन्स' आणि 'जॅक टार' अशा नावांनी हे कपडे देशभर पाठवीत.

शिक्षकांस मिडी प्रिय झाली ती आणखी एका कारणाने. अमेरिकन माध्यमिक शाळांत पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे सर्व थरांतील मुली मोठ्या संख्येने येऊ लागल्या. श्रीमंतांच्या मुली रेशमी कपड्यांत येत आणि गिरणीत काम करणाऱ्यांच्या मुली विटक्या झग्यांत. हा भेद नाहीसा व्हावा म्हणून अनेक शाळांनी मिडी आणि घागरा असा पोशाख ठरविला. तो स्वस्त होता, घरी शिवता येत होता, आणि त्यात कोणाचे घर कसे आहे हे दिसत नव्हते. विद्यार्थिनींत त्याविषयी कुरबुरी झाल्या आणि पळवाटाही निघाल्या. कापड तलम घ्यावे, रुमाल भारी रेशमी घ्यावा, असे चालले. हे वाचताना आमच्या वाचकांपैकी जे मुख्याध्यापक असतील त्यांस हसू आल्यावाचून राहणार नाही. तरीही एका खलाशाच्या सदऱ्याने मुलींच्या एका संपूर्ण पिढीस श्वास घेण्यास, धावण्यास आणि शेजारणीबरोबर बरोबरीने बसण्यास मदत केली, हे लहान काम नव्हे. याच पिढीतील काही अमेरिकन शिक्षिका मिशनऱ्यांच्या शाळा चालविण्यासाठी जपानात गेल्या. फुकुओका येथील मुलींच्या एका शाळेत एलिझाबेथ ली या मुख्याध्यापिकेने १९२१ मध्ये नाविक धर्तीचा गणवेष आणला. तो जपानातील पहिला की क्योटोतील शाळेचा पहिला, यावर वाद आहे. पण पुढे तो त्या देशात विद्यार्थिनीचे लक्षणच होऊन बसला.

अमेरिकेत मात्र १९२० नंतर ओहोटी लागली. ती मोठी सूचक आहे. पूर्वी दहा-बारा वर्षांचा मुलगाही नाविक पोशाख घाली. पुढे तो पाच-सहा वर्षांच्या मुलांपुरता राहिला, आणि त्याहीपुढे रांगत्या बाळांचा झाला. वय जसजसे खाली आले तसतसे मोठ्या मुलांनी त्याकडे पाठ फिरविली. कारण धाकट्या भावाचे कपडे घालणे हा कोणत्याही देशातील मुलास अपमान वाटतो. १९३४ मध्ये डॉनल्ड डक हे बदकाचे चित्र खलाशाच्या सदऱ्यात अवतरले. १९३६ च्या 'कॅप्टन जॅन्युअरी' या बोलपटात शर्ली टेंपल खलाशाच्या पोशाखात नाचली. दुसऱ्या महायुद्धात मुलांच्या गणवेषी कपड्यांस थोडी भरती आली. परंतु ती टिकली नाही. त्यानंतर सणाचा दिवस, लग्नसमारंभ, छायाचित्रकाराची खोली एवढ्यापुरता हा पोशाख उरला. खेळण्यासाठी निर्माण झालेले कपडे खेळून मळू नयेत म्हणून जपले जाऊ लागले. वस्त्राचा वेष झाला तो असा.

या स्थित्यंतराची साक्ष १९६५ च्या 'द साउंड ऑफ म्युझिक' या बोलपटात मिळते. कथा ऑस्ट्रियातील असली तरी चित्र अमेरिकन प्रेक्षकांसाठी अमेरिकेने काढलेले. त्यात कडक शिस्तीचा बाप, आरमारातील निवृत्त कप्तान, आपल्या सातही मुलांना नाविक गणवेष घालून शिट्टीवर चालवितो. आणि नवी शिक्षिका खिडक्यांच्या जुन्या पडद्यांतून त्यांना खेळण्याचे कपडे शिवून देते. मुले झाडांवर चढतात ती त्या पडद्यांच्या कपड्यांत. शंभर वर्षांपूर्वी मोकळेपणाचा म्हणून जो पोशाख मुलांच्या अंगावर आला, तोच आता बंधनाचे चिन्ह म्हणून प्रेक्षकांस बिनचूक कळत होता. त्याबद्दल एक शब्दही स्पष्टीकरण करावे लागले नाही.

मग खलाशी अमेरिकन मुलांच्या अंगावरून उतरला काय? आमच्या मते नाही. येथेच या इतिहासाची गंमत आहे. अमेरिकन आरमाराने १९०१ च्या नियमांत कामाच्या वेळी डेनिमचा सदरा आणि विजार वापरण्यास मान्यता दिली. आणि १९१३ च्या सुमारास गोल गळ्याचा, आखूड बाह्यांचा सुती गंजीफ्रॉक आतून घालण्यास दिला. डेनिमच्या विजारी इतर कष्टकऱ्यांतही होत्याच. परंतु गंजीफ्रॉकच्या प्रसारात आरमाराचा वाटा मोठा आहे. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या तरुणांनी तो वरून घालण्यास सुरुवात केली, आणि १९५० नंतर टी-शर्ट आणि निळी जाड विजार हाच अमेरिकन मुलाचा रोजचा पोशाख झाला. त्यावर ना नांगर होता ना तारे. म्हणून तो कोणास नाविक वाटला नाही. खलाशाचा समारंभाचा वेष मुलांनी टाकून दिला आणि त्याचे कामाचे वस्त्र नकळत उचलले. १७८० मध्ये जे घडले होते त्याचीच ही पुनरावृत्ती होय.

आणि त्या निळ्या विजारीस अमेरिकन घरांत पुष्कळ वर्षे 'डंगरी' म्हणत असत. हा शब्द इंग्रजीने सतराव्या शतकात आपल्याकडून नेला. मुंबईच्या किल्ल्याजवळील डोंगरी या वस्तीच्या नावावरून तेथील जाड्याभरड्या सुती कापडास ते नाव पडले होते. डोंगरीच्या बाजारातील गरिबांचे कापड खलाशांच्या अंगावर गेले, आणि खलाशांच्या अंगावरून त्याचे नाव आयोवाच्या शेतकऱ्याच्या मुलापर्यंत पोहोचले. व्हिक्टोरिया राणीच्या राजपुत्राचा पोशाख संग्रहालयात आहे. डोंगरीचे नाव मात्र मातीत खेळणाऱ्या पोरांच्या गुडघ्यांवर फाटले, ठिगळले आणि पुन्हा वापरले गेले. वस्त्राला याहून मोठा मान कोणता?

आरमाराची गोष्टही थोडक्यात पुरी केली पाहिजे. १९६० नंतर अमेरिकन तरुण-तरुणींनी जुन्या लष्करी मालाच्या दुकानांतून रुंद पायाच्या विजारी हौसेने विकत घेतल्या. आणि नेमक्या त्याच काळात, १९७३ मध्ये, ॲडमिरल झुमवाल्ट यांच्या कारकिर्दीतील निर्णयानुसार आरमाराने आपल्या खलाशांचा तो गणवेष रद्द करून अधिकाऱ्यांसारखा कोट आणि टाय दिला. हेतू अधिकारी आणि खलाशी यांतील भेद कमी करण्याचा, म्हणजे स्तुत्यच होता. परंतु खलाशांसच तो रुचला नाही, आणि काही वर्षांतच, १९८० च्या सुमारास, जुना पोशाख परत आला. २०१६ पासून आरमारातील स्त्री-खलाशांसही टप्प्याटप्प्याने चौकोनी कॉलरचा तोच सदरा आणि तीच पांढरी टोपी मिळू लागली. शाळेतल्या मुलींनी मिडी अंगावर चढविल्यास तोवर शंभर वर्षे उलटून गेली होती.

लेखाच्या आरंभी आम्ही एका शंकेचा उल्लेख केला होता. ती कोठून आली हे सांगितल्याशिवाय लेखणी ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी एका प्रजासत्ताकदिनी संचलनासाठी मुले मैदानावर उभी होती. सर्वांच्या पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट असावेत, असा आमचा दंडक होता. पहिल्या रांगेतील एक मुलगा, पावलांच्या तालात सर्वांत पक्का, तपकिरी चपला घालून आला होता. आम्ही त्याला रांगेतून काढून मागे भिंतीपाशी उभे केले. त्याने काही कारण सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. समारंभ उत्तम झाला, पाहुण्यांनी शिस्तीची प्रशंसा केली. भिंतीपाशी उभ्या असलेल्या त्या मुलाचे पाय मात्र संचलनाच्या तालावर जागच्या जागी चालत होते, ते आम्ही पाहिले. आणि पाहूनही त्याला परत बोलाविले नाही.

गणवेष नसावा, असे आम्ही म्हणत नाही. मिडीचा इतिहास आम्हांस उलटच शिकवितो. परंतु 'गणवेष' या शब्दात वेष आहे, वस्त्र नाही, याचे भान ठरविणाऱ्याने ठेविले पाहिजे. ज्या शाळांनी मिडी स्वीकारली त्यांनी गरीब मुलीस रांगेत आणण्यासाठी ती स्वीकारली होती. आम्ही बुटांचा उपयोग एका मुलास रांगेबाहेर काढण्यासाठी केला. पुढील वर्षापासून बुटांचा दंडक आम्ही काढून टाकला. तो मुलगा तोपर्यंत शाळा सोडून गेला होता.